वर्गणी, वॉर्ड आणि व्हिसा : स्थलांतरितांची राजकीय ओळख, आयरिश आणि मराठी

प्रस्तावना

मायभूमी सोडून परमुलखात स्थिरावलेला समाज दोन-तीन पिढ्यांनंतरही स्वतःला मूळ देशाच्या नावाने ओळखत राहतो, तेव्हा अभ्यासक त्याला ‘डायस्पोरा’, म्हणजे विखुरलेला पण मुळाशी नाते राखून असलेला समाज, असे म्हणतात. अशी ओळख काही ठिकाणी सणावारापुरती आणि जेवणाच्या ताटापुरती उरते, तर काही ठिकाणी ती मतपेटीत उतरते, महापालिका ताब्यात घेते आणि प्रसंगी दोन देशांच्या परस्परसंबंधांनाही वळण लावते. अमेरिकेतील आयरिश समाज हे या दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण आहे. त्याच देशातील मराठी समाज अजून बव्हंशी पहिल्या प्रकारात मोडतो. हा फरक संख्येमुळे पडला, काळामुळे पडला, की संघटनेच्या सवयीमुळे, आणि मराठी मुलखाने त्यातून काय घ्यावे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

हा विषय नीरेच्या खोऱ्यातून, पणदरे-माळेगाव-बारामती-इंदापूर या पट्ट्यातून पाहण्याला कारण आहे. या खोऱ्याला स्थलांतर नवे नाही. नीरेकाठच्या होळ गावचे मल्हारराव होळकर अठराव्या शतकात माळव्यात गेले, गावाचे नाव आडनावात घेऊन गेले आणि इंदूरच्या राज्याचे संस्थापक ठरले; त्या काळी बाहेर जाणारा माणूस सत्तेच्या वाटेनेच जात असे. आज बारामती आणि माळेगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणारा तरुण पुणे-बंगळूर करत अमेरिकेत पोहोचतो, तो परीक्षा, नोकरी आणि व्हिसा या वाटेने. घरी तो ज्या राजकारणात वाढला, ते महाराष्ट्रातील अत्यंत बांधीव राजकारणांपैकी एक आहे. परदेशी मात्र तो राजकारणापासून सहसा लांबच राहतो. सत्तेच्या शाळेत वाढलेला माणूस परमुलखात केवळ सांस्कृतिक का होतो, हे समजून घ्यायचे तर ज्यांच्याबाबतीत नेमके उलट घडले, त्या आयरिशांकडे आधी पाहावे लागते.

१८४५ ते १८५२ या काळात आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा पडला आणि गरिबांचे मुख्य अन्नच नाहीसे झाले. सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये सुमारे ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. जमीन मोठ्या जमीनदारांच्या हाती, राज्य इंग्रजांचे आणि दुष्काळातही धान्याची निर्यात चालू, यामुळे आयरिश मनात हा दुष्काळ निसर्गाचा कोप म्हणून नव्हे तर राज्यकर्त्यांचा अन्याय म्हणून नोंदला गेला. म्हणून अमेरिकेच्या बंदरात उतरलेला आयरिश माणूस केवळ पोटासाठी आलेला मजूर नव्हता. आपल्याला हाकलून दिले गेले आहे, ही भावना त्याच्या गाठोड्यात होती. १८५५ साली न्यूयॉर्क शहराच्या लोकसंख्येत आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांचा वाटा चौथ्या हिश्श्याहून अधिक होता, आणि इतक्या दाट वस्तीत ती भावना विरून जाणे शक्यच नव्हते.

परंतु दुःख आणि संख्या एवढ्यावर सत्ता मिळत नाही. आयरिशांनी आणखी एक गोष्ट घरूनच नेली होती, ती म्हणजे संघटनेचा सराव. डॅनियल ओकॉनेल या नेत्याने १८२३ मध्ये कॅथॉलिक असोसिएशन स्थापली आणि पुढच्याच वर्षी महिना एक पेनी, म्हणजे अगदी शेतमजुरालाही परवडेल अशी, वर्गणी सुरू केली. गावोगाव ही वर्गणी चर्चच्या आधाराने गोळा होई, देणाऱ्यांची नोंद राही आणि ज्याने पेनी दिली तो स्वतःला चळवळीचा धनी समजू लागे. या बळावर १८२८ मध्ये ओकॉनेल क्लेअरमधून निवडून आला आणि १८२९ मध्ये ब्रिटिश संसदेला कॅथॉलिकांना संसदेत बसण्याचा हक्क द्यावा लागला. दुष्काळाच्या वीस वर्षे आधीच या समाजाने सभा भरवणे, वर्गणी जमवणे, मतदार राखणे आणि बलाढ्य सत्तेला मतांनी नमवणे हे सारे करून पाहिले होते. बोस्टन-न्यूयॉर्कच्या झोपडवस्त्यांत जे पुढे घडले, त्याची तालीम अशी आयर्लंडच्या खेड्यांत झाली होती.

अमेरिकेत या सरावाला वॉर्डाची चौकट मिळाली. वॉर्ड म्हणजे शहराचा मतदानासाठी केलेला लहान भाग; त्यातल्या प्रत्येक गल्लीत पक्षाचा एक माणूस असे आणि अशा माणसांच्या साखळीवर उभ्या राहिलेल्या पक्षयंत्रणेला तिथे ‘मशीन’ म्हणत. न्यूयॉर्कमधील डेमोक्रॅटिक पक्षाची टॅमनी हॉल ही संस्था मूळची आयरिशांची नव्हे, ती १७८९ची. पण १८७२ पासून जॉन केली यांच्या हाती तिची सूत्रे आली आणि पुढची अनेक दशके ती आयरिश नेतृत्वाखालीच राहिली. आग लागून बेघर झालेल्या कुटुंबाला त्याच रात्री निवारा देणे, हिवाळ्यात कोळसा पोहोचवणे, मुलाला पोलिसात किंवा अग्निशमन दलात चिकटवणे, नव्याने आलेल्याचे नागरिकत्वाचे कागद करून देणे आणि कोणाच्या घरी मृत्यू झाला तर तिथे हजर राहणे, ही वॉर्डातल्या माणसाची रोजची कामे होती; मत हा त्यांचा वर्षा-दोन वर्षांनी येणारा मोबदला होता. १८८० मध्ये विल्यम ग्रेस न्यूयॉर्कचे आणि १८८४ मध्ये ह्यू ओब्रायन बोस्टनचे महापौर म्हणून निवडून आले, ते याच कामाचे फळ होते. या यंत्रणेत भ्रष्टाचार मोठा होता, हे लपवण्याचे कारण नाही. पण ज्यांना कोणी दारात उभे करत नव्हते, त्यांना राज्यकारभारात शिरण्याचे दार तिनेच उघडून दिले, हेही तितकेच खरे आहे.

नीरेच्या खोऱ्यातील वाचकाला ही यंत्रणा परकी वाटणार नाही. १८७६–७८च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर हाती घेतलेला नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाहू लागला. आयर्लंडच्या दुष्काळाने माणसे बाहेर लोटली. इथे दुष्काळानंतर आलेल्या पाण्याने सासवडच्या माळी बागायतदारांसारखी बाहेरची माणसे आत आणली, ऊस आणला आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने उभे केले. माळेगाव, सोमेश्वर आणि छत्रपती हे कारखाने ऊस गाळतात तसे राजकारणही घडवतात. माळेगाव कारखान्याच्या संचालक मंडळाच्या निवडणुकीत पणदरे हा एक गट आहे, आणि त्या निवडणुकीत पॅनेल कसे बांधायचे, सभासदांची यादी घेऊन घरोघर कसे फिरायचे, कोणत्या भावकीला कोठे प्रतिनिधित्व द्यायचे, हे ज्ञान गावात पिढीजात आहे. आडसाली ऊस उभा आहे, त्याची नोंद झाली आहे, तोडीची टोळी मात्र येत नाही, अशा वेळी सभासद आधी चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या ऊसनोंदी व तोडीचे काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला, मग गटाच्या संचालकाला गाठतो, आणि संचालक त्याला उभ्या उभ्या का होईना उत्तर देतो, कारण वार्षिक सभेत त्याला दराचा हिशेब द्यायचा असतो. विकास सोसायटीचे पीककर्ज, दूध संस्थेचा दहा दिवसांचा पगार, पतसंस्थेची ठेव, या प्रत्येक ठिकाणी नाते, व्यवहार आणि मत एकमेकांत गुंतलेले आहेत. डोनाल्ड ॲटवुड या मानववंशशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेझिंग केन’ या ग्रंथात पश्चिम महाराष्ट्रातील उसाच्या याच राजकीय अर्थकारणाचा सविस्तर अभ्यास केला आहे. टॅमनीचा वॉर्ड आणि कारखान्याचा गट यांत फरक पुष्कळ असले, तरी लोकांच्या रोजच्या अडचणीला धावून जाणारा आणि त्याबद्दल लोकांना बांधील असणारा माणूस हा दोन्हींचा पाया आहे.

आयरिश ओळखीला दुसरे बळ मिळाले ते मायदेशाच्या अपुऱ्या राहिलेल्या लढ्याचे. १८५८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये फेनियन ब्रदरहूड ही आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणारी संघटना निघाली आणि १८६६ मध्ये तिच्या सशस्त्र तुकड्यांनी ब्रिटिशांच्या ताब्यातील कॅनडावर चाल केली. चाल फसली, पण देणगीचा ओघ थांबला नाही. फेब्रुवारी १८८० मध्ये आयरिश नेते चार्ल्स स्ट्यूअर्ट पार्नेल यांना अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात भाषण करण्याचा मान मिळाला. न्यूयॉर्कमध्येच जन्मलेले आयरिश स्वातंत्र्यलढ्याचे नेते इमॉन डी व्हॅलेरा १९१९–२० मध्ये अठरा महिने अमेरिकेत फिरले आणि आयरिश प्रजासत्ताकाच्या रोख्यांसाठी त्यांनी पन्नास लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली. १९२८ मध्ये ॲल स्मिथ हे कॅथॉलिक उमेदवार राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले. १९६० मध्ये वेक्सफर्डच्या शेतकऱ्याचे पणतू जॉन केनेडी ती जिंकले. पुढे उत्तर आयर्लंडच्या रक्तपातात अमेरिकेतील काही आयरिश गट बंदुकांच्या बाजूने पैसा पाठवत असताना टिप ओनील, एडवर्ड केनेडी, डॅनियल मॉयनिहन आणि ह्यू केरी या चार नेत्यांनी १९७७च्या सेंट पॅट्रिक दिनी हिंसेला मदत करू नका असे जाहीर आवाहन केले. १९९४ मध्ये ब्रिटनचा विरोध असतानाही अध्यक्ष क्लिंटन यांनी उत्तर आयर्लंडमधील प्रजासत्ताकवाद्यांचे नेते जेरी ॲडम्स यांना व्हिसा दिला, माजी अमेरिकन सिनेटर जॉर्ज मिचेल यांनी शांततेच्या वाटाघाटींचे अध्यक्षपद सांभाळले आणि १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे हा शांतता करार झाला. मायदेशावरील प्रेम शस्त्राच्या मागे उभे राहू शकते तसेच तहाच्या मागेही, आणि नेत्यांनी आपल्याच लोकांना नको असलेली गोष्ट सांगण्याचे धैर्य दाखवले तर दुसरी वाट खुली होते, हा आयरिश इतिहासाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

या इतिहासाची काळी बाजूही तितक्याच स्पष्टपणे मांडली पाहिजे. ज्या आयरिशांना १८५०च्या दशकात ‘नो-नथिंग’ या कॅथॉलिकविरोधी पक्षाने परके ठरवले, त्याच समाजातील जमावांनी १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या सैन्यभरतीविरोधी दंगलीत कृष्णवर्णीयांचे खून पाडले. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या डेनिस कार्नीने कॅलिफोर्नियात चिनी मजुरांना हाकलण्याची चळवळ पेटवली आणि १८८२ मध्ये चिन्यांना बंदी करणारा कायदा झाला. १७९०च्या कायद्याने नागरिकत्वाचा मार्ग मुक्त गोऱ्या माणसांपुरता ठेवला होता. आयरिश त्यात बसत असल्याने त्यांच्या हाती लवकर मत आले. हिंदी माणसांना मात्र १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते दार बंद केले आणि १९४६ पर्यंत ते उघडले नाही. म्हणजे आयरिशांच्या यशात त्यांच्या कर्तबगारीचा वाटा आहे, तसाच त्यांना मिळालेल्या आणि इतरांना नाकारलेल्या हक्काचाही आहे.

मराठी राजकीय मनाला आयर्लंडची ओळख फार जुनी आहे. २४ एप्रिल १९१६ रोजी डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला आणि त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, लोकमान्य टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापली, जिचे नावच आयरिश चळवळीतून आले होते. पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे सिएटलला अभियांत्रिकी शिकायला गेले, १९१३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावर जन्मलेल्या गदर चळवळीत शिरले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर चढले. डॉ. ना. सु. हर्डीकर न्यूयॉर्कमध्ये लाला लजपतराय यांच्या होमरूल लीगचे काम करत होते. आयरिश क्रांतिकारक जॉन डेव्हॉय यांच्या न्यूयॉर्कमधील ‘गेलिक अमेरिकन’ या पत्राने हिंदी क्रांतिकारकांची बाजू मांडली आणि फेब्रुवारी १९२० मध्ये डी व्हॅलेरांनी न्यूयॉर्कमध्ये हिंदुस्थानच्या मित्रांसमोर दोन्ही देशांच्या समान लढ्यावर भाषण केले. त्या पिढीच्या परदेशस्थ मराठी माणसाकडे संख्या नव्हती, नागरिकत्व नव्हते, पण कार्य होते.

पुढची पिढी आली ती अगदी वेगळ्या दाराने, आणि ते दार उघडण्यात आयरिश अमेरिकनांचा हात होता. १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने राष्ट्रवार कोटा रद्द केला. या सुधारणेचा आग्रह जॉन केनेडींनी धरला होता आणि सिनेटमध्ये विधेयक पुढे नेले ते एडवर्ड केनेडींनी. त्यानंतर मुंबई-पुण्या-नागपूरचे डॉक्टर आणि अभियंते अमेरिकेत स्थायिक होऊ लागले. १९९० चा कायदा तर याहून बोलका आहे. आयरिश समाजाने कागदपत्रांवाचून राहणाऱ्या आपल्या तरुणांसाठी वॉशिंग्टनमध्ये नेटाने प्रयत्न केले आणि काँग्रेस सदस्य ब्रूस मॉरिसन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्हिसांतील तीन वर्षांचे मिळून ४८ हजार व्हिसा आयरिशांसाठी राखून घेतले. त्याच कायद्याने ‘एच-१बी’ हा कुशल कामगारांचा तात्पुरता व्हिसा निर्माण केला, ज्यावर पुढे महाराष्ट्रातील हजारो संगणक अभियंते अमेरिकेत गेले. एका समाजाने तो कायदा संघटनेच्या बळावर आपल्या बाजूने वळवून घेतला. दुसरा समाज त्याच कायद्याचा लाभार्थी झाला, पण तो घडवण्यात त्याचा सहभाग नव्हता. या विवेचनातील मुख्य फरक याहून नेमका दाखवणे कठीण आहे.

अमेरिकेतील मराठी माणसांनी संस्था उभारल्या नाहीत असे मुळीच नाही. शिकागोचे महाराष्ट्र मंडळ १९६९चे, सामाजिक कार्याला निधी पुरवणारे महाराष्ट्र फाउंडेशन १९७८चे, आणि उत्तर अमेरिकेतील मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१चे. गणेशोत्सव, दिवाळी अंक, रविवारच्या मराठी शाळा, दर दोन वर्षांनी भरणारे अधिवेशन, यांतून भाषा आणि स्नेह टिकला. महाराष्ट्र फाउंडेशनच्या पुरस्कारांनी इथल्या लेखकांना आणि कार्यकर्त्यांना बळ दिले. पण या संस्थांची मूळ कल्पना कुटुंबांच्या स्नेहमेळाव्याची आहे. सभासद सुशिक्षित, सुस्थित, उपनगरांत दूरदूर विखुरलेला. त्याला अडल्या वेळी मंडळाकडे जावे लागत नाही, म्हणून मंडळाचा अध्यक्ष त्याला कशाबद्दल बांधील होत नाही. शिवाय एच-१बीवर असलेल्या माणसाला मत नसते आणि भारतीयांसाठी ग्रीन कार्डची रांग इतकी लांब आहे की कर भरण्यात उमेदीची वर्षे जातात आणि तरीही नागरिकत्व हाती येत नाही.

म्हणून अमेरिकेच्या राजकारणात मराठी नावे दिसतात ती एकेकट्या कर्तृत्वाची. कुमार बर्वे १९९० मध्ये मेरीलँडच्या विधिमंडळावर निवडून आले आणि अमेरिकेतील कोणत्याही राज्याच्या विधिमंडळातील पहिले भारतीय वंशाचे सदस्य ठरले. नागपूरच्या स्वाती दांडेकर २००२ मध्ये आयोवासारख्या शेतीप्रधान राज्यात निवडून आल्या. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये डेट्रॉइटच्या मतदारसंघातून काँग्रेसमध्ये गेले. यांपैकी कोणाचाही विजय मराठी मतांवर उभा नाही. परदेशात मराठी आडनावाला सर्वांत उंच राजकीय मान तर आयर्लंडमध्येच लाभला. मालवण तालुक्यातील वराड गावाशी नाते सांगणाऱ्या कुटुंबातील डॉक्टरांचे पुत्र लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले आणि सेंट पॅट्रिक दिनी व्हाइट हाउसमध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना शॅमरॉकची, म्हणजे आयर्लंडचे प्रतीक असलेल्या तीन पानी रोपाची, भेट देण्याचा मान त्यांच्याकडे आला. कोकणातील घराण्याचा वारस अमेरिकेसमोर आयरिश समाजाचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला, कारण त्या भेटीमागे पावणेदोनशे वर्षांची संघटना होती.

मराठी ओळख परमुलखात राजकीय होऊच शकत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. कोकणातून इस्रायलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजाच्या ज्यूपणाबद्दल तिथल्या धर्मपीठाने विवाहाच्या बाबतीत शंका घेतली, तेव्हा त्या समाजाने निदर्शने केली, धरणे धरले आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेकडून ते सर्वार्थाने ज्यू असल्याची घोषणा करवून घेतली. अमेरिकेत जातीचा प्रश्न असाच पुढे आला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या देशात १९१३ ते १९१६ या काळात शिक्षण घेतले, तिथे आंबेडकरी संघटनांनी जातिभेदाचा प्रश्न सार्वजनिक केला आणि पुण्यात जन्मलेल्या क्षमा सावंत यांनी मांडलेला जातिभेदबंदीचा ठराव फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलच्या नगरपरिषदेने मंजूर केला. असा कायदा करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. काही हिंदू संघटनांनी त्याला कसून विरोध केला आणि कॅलिफोर्नियातील तसेच विधेयक त्याच वर्षी राज्यपालांनी परत पाठवले. या वादात कोणाची बाजू योग्य यावर मतभेद असतील. पण घरचा अपुरा प्रश्न परमुलखात नेऊन तिथल्या कायद्यात मांडण्याचे हे काम आयरिश परंपरेच्या सर्वांत जवळचे आहे, आणि ते केले आहे ते ज्यांच्या पाठीशी खरी वेदना आणि तळापासूनची संघटना होती, त्यांनी.

या सगळ्यातून एक निष्कर्ष ठामपणे मांडता येतो. स्थलांतरित समाजाची ओळख भाषेने आणि सणाने जिवंत राहते, पण तिला सार्वजनिक वजन येते ते दुसऱ्याच्या गरजेला रोज उत्तर देणाऱ्या संघटनेने. आयरिशांनी ती सवय आपल्या खेड्यांतून नेली. नीरेच्या खोऱ्याकडेही ती आहे. इथला सामान्य सभासद हिशेब मागतो, पॅनेल पाडतो, पुढच्या वेळी पुन्हा निवडून आणतो. परदेशी जाणाऱ्या तरुणाने ती मागे टाकू नये. व्हिसाच्या अडचणीत सापडलेला विद्यार्थी, नोकरी गेल्यावर साठ दिवसांत नवी शोधावी लागणारा अभियंता, परक्या भाषेच्या दवाखान्यात एकटे पडलेले वृद्ध आईवडील, जातीमुळे अवमान सोसणारा सहकारी, यांच्यासाठी धावून जाणारे मंडळ हे सणाच्या मंडळापेक्षा अधिक काळ टिकेल, आणि पुढची पिढी त्याला आपले म्हणेल. त्याच वेळी आयरिशांची चूक टाळण्याची जबाबदारीही आहे. आपल्या मागून येणाऱ्या आणि आपल्याहून दुबळ्या स्थलांतरितांसाठी दार उघडे ठेवणे, ही मराठी ओळखीच्या राजकीय प्रौढपणाची खरी कसोटी ठरेल. पुढील विवेचन याच कसोटीवर दोन्ही समाजांचा इतिहास तपासून पाहते.

पणदरे, ता. बारामती, जि. पुणे